एकोणऐंशी मजल्यांचा मासा

ताईचा दिवस पहाटे चारला दहा कमी असताना सुरू होई. गजर चारचा लावलेला असे, पण तो वाजायच्या आत ती बंद करी. शेजारी दाजी झोपलेले असत, आणि एकदा त्यांची झोप मोडली की खोकला सुरू झाला म्हणून समजा. अंधारातच चहा, अंधारातच डबा. साडेचारला तीन जिने उतरायचे, अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि पाचला दातांच्या दवाखान्याचं कुलूप उघडायचं. हे तिनं एकोणीस वर्षं केलं. मी स्वतः चौतीस वर्षं पाइप जोडले, कामचुकार म्हणून मला कोणी बोट दाखवलं नाही. पण हे मला एकोणीस महिनेही जमलं नसतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. साफसफाईचं काम. दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, संध्याकाळच्या कामावरही मावशीच.

दवाखान्यातला क्रम ठरलेला होता. आधी आतल्या दोन खोल्या, मग संडास, मग काउंटर, मग पेशंटची बसायची जागा, आणि सगळ्यात शेवटी टाकी. बसायच्या जागेत भिंतीला लागून तीन फुटांची काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. आत दगड, वाळू आणि समुद्रातले मासे. दाढ दुखणारी पोरं दिवसभर काचेला नाक लावून बसत. त्या नाकांचे आणि बोटांचे डाग काढणं हे ताईचं काम. फक्त बाहेरून. आतल्या पाण्याचं बघायला महिन्यातून दोनदा वेगळा माणूस येई. कोणता मासा कोणत्या दगडामागे झोपतो हे ताईला पाठ होतं. खुर्च्या पेशंटसाठी होत्या, तेव्हा जे बघितलं ते उभ्यानं, हातात फडकं धरून.

मग डॉक्टरांचा मुलगाही डॉक्टर होऊन आला. त्यानं बसायच्या जागेत मोठा टीव्ही लावला. टीव्हीवर दिवसभर मासे पोहत. खरे मासे तो पाण्याचा माणूस घेऊन गेला, टाकी मागे राहिली.

"मावशी, शुक्रवारी भंगारवाला येतोय," धाकटे डॉक्टर म्हणाले. "कोणाला ही काच हवी असेल तर बघा."

"मला हवी."

"तुम्हाला? काय करणार, धान्य भरणार?"

"मासे पाळणार," ताई म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. नंतर तिनंच मला सांगितलं की तोंडातून निघून गेलं आणि मग तिला कळलं की हे आपल्याला किती दिवसांपासून हवं होतं.

टाकी आणायला मी गेलो. दुसऱ्या टोकाला तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा बूटवाला होता. त्याचं चपला-बुटांचं दुकान. टाकी रिकामी चाळीस किलोची. वजनाचं काही नाही, पण काचेला धरायला जागा नसते आणि जिना वळतो तिथे एकाला उलटं चालावं लागतं. दर बारा पायऱ्यांना टेकायचं ठरवलं. तिसऱ्या टेकणीला बूटवाल्यानं काचेवरून हात फिरवला.

"ताई, काच कसली आहे हो! माझ्या दुकानात पुढे ठेवली, आत दिवा लावला, तर दोन-दोन जोड नुसते बघून विकले जातील. देता का?"

"आधी वर तर येऊ द्या," ताई म्हणाली.

भरल्यावर टाकी सव्वादोनशे किलोची होणार होती. मी भिंत ठोकून तुळई कुठून जाते ते पाहिलं आणि तिच्यावर, आडवी, पाणसळ लावून बसवली. एका बाजूला दोन कागदांची पाचर लागली. दाजी पलंगावरून बघत होते. दाजी आयुष्यभर मालाची गाडी चालवत. छातीनं साथ सोडली तेव्हापासून घरी. शरीर बसलं होतं, जीभ मात्र ड्युटीवर होती.

"मेहुणे, माझा पलंगही जरा पाणसळ लावून बघा. पंचवीस वर्षं एका कुशीवर घरंगळतोय."

"तुमचं वजनच एका बाजूला आहे दाजी, तोंडाच्या."

दगड वेगळे आले होते. पाण्याच्या माणसानं ते दोन बादल्यांत, जुन्याच पाण्यात बुडवून दिले होते. "असेच राहू द्या," एवढंच म्हणाला होता. ताईनं रविवारी झाकण काढलं. दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर, कुठे जांभळे डाग, एका भोकातून बारीक किडा डोकं काढत होता. वास तर विचारू नका. अशी घाण घरात? तिनं पाणी उकळलं, ब्लीचिंग पावडर घातली, तारेचा ब्रश घेतला आणि बसली. चार तास. वाळूही सात पाण्यांतून काढली. मी दुपारी गेलो तेव्हा दगड गच्चीत धुतलेल्या चादरीवर वाळत होते, पांढरेशुभ्र. मी एकेक हातात घेऊन पाहिला. कोपरा सुटलेला नव्हता.

"याला म्हणतात काम," मी म्हणालो. मीच म्हणालो.

आता पैशाचं. दवाखान्याचा पगार घरात जाई, दाजींची औषधं त्यातच. संध्याकाळी ताई एका ऑफिसच्या इमारतीत सफाई करी. तिथे ठेकेदार मजल्यामागे पैसे देई. एक मजला म्हणजे एकतीस कचऱ्याच्या टोपल्या, दोन्ही टोकांचे संडास, एक चहाची खोली आणि लांबलचक वऱ्हांडा दोनदा पुसणं. एक तास वीस मिनिटं. ताईचे दोन मजले होते, त्यांचेही पैसे घरातच जात. टाकी आली त्या आठवड्यात तिनं तिसरा मजला मागून घेतला. हा माशांचा, असं तिनं घरात सांगून टाकलं. आठवड्याचे पाच मजले. पूर्वी ती साडेसातला घरी येई, आता नऊ वाजू लागले.

तेव्हापासून ती माशांच्या बाबतीतला प्रत्येक खर्च मजल्यात मोजू लागली. दुकानात भाव विचारला की मनात भागाकार करी. समुद्री माशांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार जाड भिंगाचा चष्मा लावणारा, सावकाश बोलणारा माणूस. पहिल्यांदा मीही तिच्याबरोबर गेलो. आत शिरल्याबरोबर ताई एका काचेपाशी थांबली. आत बशीएवढा पिवळाधमक मासा होता, लिंबासारखा. दवाखान्यात असाच एक होता.

"हा केवढ्याला?"

दुकानदारानं सांगितलं. ताईचे ओठ हलले. "तेहतीस मजले," ती मला म्हणाली.

"काय?" दुकानदार म्हणाला.

"काही नाही, तिचं ती मोजतेय," मी म्हणालो.

"टाकी केवढी आहे?" दुकानदारानं विचारलं.

"तीन फूट."

"मग पैसे असले तरी देणार नाही. याला पोहायला लांब जागा लागते. तुमच्याकडे तो काचेवर डोकं आपटत राहील."

"पण दवाखान्यात होता की. तेवढ्याच टाकीत."

"एकच होता का? की दर दोन वर्षांनी नवा येत होता?"

घरी येताना ताई जिन्यात म्हणाली, "नवाच यायचा रे. मला वाटायचं तोच आहे, जरा रोडावलाय."

दुकानदारानं तिला नीट समजावलं होतं. माशाची किंमत ही सगळ्यात छोटी किंमत. मोठा खर्च पाण्याचा. नळाचं पाणी चालत नाही, गाळलेलं विकत घ्यायचं. त्यात समुद्राचं मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम, रोजचं खायचं मीठ नाही. पंप चांगला हवा. पाणी तपासायचा संच हवा. आणि मासे घेताना आधी गरीब स्वभावाचे, मग भांडखोर. भांडखोर आधी गेला तर तो घर आपल्या नावावर करतो आणि पुढच्या कोणाला जगू देत नाही.

"दाजींसारखं," ताई म्हणाली. त्या दिवशीचा तिचा तेवढाच विनोद.

शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची छोटी जोडी ठरली. काटक असतात, नवख्याला बरे. जोडीचे चौदा मजले. त्याआधी मीठ बारा मजले, पाणी पाच, तपासणीचा संच आठ, पंप पंधरा, थर्मामीटर एक.

"दगड कुठले?" दुकानदारानं विचारलं.

"त्याच टाकीतले, जुने."

"मग काळजी नाही. पाणी भरा, आठवडा जाऊ द्या, मासे न्या."

दगड धुतल्याचं ती बोलली नाही. लपवायचं नव्हतं. घासलं-पुसलं ही तिच्या दृष्टीनं सांगायची गोष्टच नव्हती.

अकरा आठवडे तिसरा मजला केला. पंचावन्न मजले. पाण्याचे सात कॅन मी वर चढवले, प्रत्येकी वीस लिटर. मीठ तिनं स्वतः मोजून ढवळलं. हाताला जन्माच्या भेगा, त्यात खारं पाणी झोंबे. ती हात झटकी आणि पुन्हा ढवळी. आठवड्यानं पाणी तपासलं. नळकांडीत थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे विष. पिवळा आला. रविवारी जोडी आणली.

तो एक रविवार तिला मिळाला. पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे सोडले. ताई समोर खुर्ची घेऊन बसली. दाजी म्हणाले, "बाजारात चौदा मजल्यांत कढईभर मासे आले असते." तिनं ऐकलंच नाही. दहा मिनिटांनी बघतो तर बसल्या जागी झोपलेली.

बुधवारी एक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. मला बोलावलं. मी फिटर, मला पंप दिसला. पंप खोलला, साफ केला, परत जोडला, पाण्याचा झोत वाढवला. दीड तास गेला. पंपात काही बिघाड नव्हता. गुरुवारी सकाळी ताई कामावर गेली तेव्हा तो आडवा झाला होता. दुसरा शनिवारी गेला. संध्याकाळी नळकांडी गडद हिरवी आली.

रविवारी आम्ही दुकानात. दुकानदारानं चष्मा काढून पुसला.

"जुने दगड होते ना?"

"जुनेच."

"वाळले होते का मध्ये?"

"वाळवले की. धुतल्यावर वाळवायला नकोत?"

"धुतले?"

"धुतले म्हणजे काय! ब्लीचिंग पावडर, उकळतं पाणी, तारेचा ब्रश. यालाच विचारा, चकाचक केले होते."

दुकानदारानं चष्मा पुन्हा लावला. रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, "मावशी, त्या दगडांवरचा जो थर होता ना, तोच टाकीचा सफाई कामगार होता. डोळ्याला न दिसणारे जीव. माशाची घाण तेच खातात. वर्षानुवर्षं जमत आले होते. तुम्ही ते मारले आणि मग मासे सोडले. मासे आपल्याच घाणीत गेले."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली: "चार तास घासत होते रे मी."

मी पुष्कळ फुकट गेलेलं काम पाहिलंय. उद्या पाडायच्या भिंतीत आज पाइप घातलेत. पण नीट, मन लावून केलेल्या कामानंच नुकसान व्हावं, हे मला तेव्हा नवीन होतं.

घरात मग बैठक बसली. भाची आली होती, ताईची लेक. सासर दोन गल्ल्या पलीकडे.

"आई, तुझी मनगटं बघ. कपडे पिळताना तुझ्या डोळ्यात पाणी येतं. बूटवाले काका टाकीला जे देतायत त्यात वापरलेलं वॉशिंग मशीन येतं, मी विचारून आलेय. मामा, तू तरी सांग."

"मी काय सांगू? तिनं मिळवलंय, तीच सांगेल."

"आणि सव्वादोनशे किलो डबकं माझ्या उशाशी," दाजी म्हणाले. "रात्री फुटलं तर मला पोहता येत नाही, हे लक्षात ठेवा."

ताईनं मनगट पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "एकदा. अजून एकदा बघते. त्यातही मेला तर टाकी खाली नेऊन द्या, मी काही बोलणार नाही."

"किती दिवस जगला म्हणजे जगला म्हणायचं?" दाजींनी हिशोबीपणानं विचारलं.

"पंधरा दिवस."

"पंधरा ठरले. सोळाव्या दिवशी बूटवाल्याला बोलावतो. मासा असेल तर चहा पिऊन जाईल, नसेल तर टाकी घेऊन."

बहुतेक पाणी काढलं, नवं भरलं. त्याला पुन्हा बारा मजल्यांचं मीठ आणि चार मजल्यांचं पाणी. दुकानदारानं स्वतःच्या टाकीतला मुठीएवढा दगड दिला, तपकिरी, बुळबुळीत. पैसे घेतले नाहीत.

"हा आत ठेवा. रोज चिमूटभर खाणं टाका, मासा नसला तरी. सहा आठवडे. आणि मावशी, धुवायचं नाही. पुसायचं नाही. झटकायचंसुद्धा नाही."

ते सहा आठवडे ताईला आधीच्या अकरा आठवड्यांपेक्षा जड गेले. कष्टाचं तिला वाटत नसे. पण बघत बसणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. मग दगडांवर, मग काचेवर आतून. त्र्याण्णव टोपल्या आणि सहा संडास साफ करून माणूस घरी येतो आणि समोर ही काच. ती जेवायला टाकीकडे पाठ करून बसू लागली. एकदा मी गेलो तेव्हा फडकं घेऊन टाकीसमोर उभी होती.

"बाहेरून पूस की," दाजी म्हणाले. "एकोणीस वर्षं तेच तर केलंस."

"तुम्ही गप बसा हो जरा."

"मी बसलेलाच आहे."

पाणी तपासायचं काम हळूहळू दाजींकडे गेलं. नऊ वाजता ट्यूबलाइटखाली रंग नीट कळत नाही. दाजी दिवसा खिडकीशी नळकांडी धरून बघत आणि मला फोन करत. "मेहुणे, पोपटी आहे." दोन दिवसांनी, "पोपटीच, पण जरा फिका पोपटी." रात्री नऊला आल्याबरोबर ताई दारातूनच विचारी, "आज काय आला?" नवरा-बायकोत इतकं बोलणं मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो.

चौथ्या आठवड्यात ताईचं उजवं मनगट सुजलं. ओलं फडकं पिळता येईना. तिसरा मजला सहा वेळा बुडाला. पहिले दोन मात्र तिनं डाव्या हातानं ओढले. सहा आठवड्यांचे तीस व्हायचे ते चोवीस झाले. सोळा पाण्या-मिठात गेलेले, उरले आठ. सहाव्या आठवड्यात नळकांडी पिवळी आली. दाजींनी तीनदा तपासली.

दुकानात आठ मजल्यांत काय येतं ते बघायचं होतं. केशरी जोडी आता हाताबाहेर. दुकानदारानं एक मातकट, ढब्बू डोळ्यांचा मासा दाखवला. ओठांनी दगड खरवडत फिरत होता.

"हा घ्या. सहा मजले." एव्हाना तोही मजल्यात बोलू लागला होता. "दगडावरचं, काचेवरचं शेवाळ दिवसभर खातो. तुमची टाकी साफ ठेवेल. फार कामाचा."

ताई वाकून त्याच्याकडे बघत राहिली. मासा एका दगडावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. थांबायचं नाव नाही.

"नको."

"का? तुम्हाला शोभेल असा आहे."

"म्हणूनच नको. दिवसभर मी घासायचं आणि घरी येऊन याला घासताना बघायचं? मला असा द्या जो काही करत नाही."

दुकानदार हसला. मग तिला कोपऱ्यातल्या टाकीपाशी नेलं. दगडाच्या भोकाबाहेर बोटाएवढा एक मासा पाण्यात नुसता तरंगत होता. पुढून दुधासारखा पांढरा, मागे शेपटीकडे लाल होत गेलेला, पाठीवर एक लांब पातळ तुरा. प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी. मधूनच तुरा उभारी आणि खाली घेई. बाकी काही नाही.

"हा फायर फिश. याचेही सहाच. दिवसभर असाच. भित्रा आहे पण. घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, वर जाळी लागेल."

"असाच उभा राहतो?"

"असाच."

"हा द्या," ताई म्हणाली.

उरलेल्या दोन मजल्यांत जाळी आणि पट्ट्या आल्या. चौकट मी केली. कुठे बोट जाईल एवढीही फट ठेवली नाही.

मासा रविवारी दुपारी सोडला. सोडल्याबरोबर तो भोकात शिरला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. सोमवारी ताई पहाटे गेली तेव्हा टाकीचा दिवा बंद. सकाळी साडेआठला आली, तो आतच. रात्री नऊला आली तेव्हा दाजींनी दिवा मालवलेला.

"दिसला का हो?"

"अकरा वाजता नाक काढलं होतं. कुकरची शिट्टी झाली, पळाला."

मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी तेच. मासा दाजींना सरावला. दुपारी बाहेर येऊ लागला, चारनंतर तर तासन् तास उभा असे. पण रात्री साडेआठच्या सुमारास भोकात जाई तो जाईच. ताई दुपारी साडेचारला ऑफिसच्या कामाला निघे आणि रात्री नऊला परते. मधल्या वेळात घरात असे तेव्हा भांडी, कपडे, स्वयंपाक, आणि तिच्या पावलांच्या आवाजानं तो आत. आठवडा झाला, तिनं त्याची शेपटीही पाहिली नव्हती.

"खरंच आहे ना आत?" तिनं मला विचारलं. "हे खोटं नाही ना बोलत? पंधरा दिवस काढायला?"

"दाजी खोटं बोलले असते तर मासा मेला असं बोलले असते."

दुसऱ्या रविवारी मात्र तो दुपारभर बाहेर राहिला आणि ताईही दुपारभर राहिली. कपडे बादलीत तसेच भिजत होते. तिनं एकदाही त्यांचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मी विचारलं, "कसा आहे?"

"काही करत नाही रे," ती म्हणाली. पुन्हा तिकडेच बघू लागली.

सोळावा दिवस मंगळवार होता. बूटवाला शब्दाचा पक्का, दुपारीच वर आला, बरोबर दोरी आणि गोधडी घेऊन. ताई भाजी चिरत होती, तिनं सुरी खाली ठेवली. दाजींनी तोंडावर बोट धरलं.

"हळू चाला हो. आत्ताच बाहेर आलाय."

बूटवाला दारातच थांबला. "मग? न्यायची ना?"

"कुठे न्यायची? दिसत नाही का, माणूस राहतो तिथे."

"माणूस?"

"तेच ते. चहा घेता का? ठरलाय तुमचा."

बूटवाल्यानं चहा घेतला, दोरी गुंडाळली आणि उतरला. वॉशिंग मशीन आलं नाही, हे भाचीनं मला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

पुढच्या रविवारी दुकानदार म्हणाला, "पाणी आता बसलं. पंधरा दिवसांनी केशरी जोडी न्यायला हरकत नाही." तीन आठवड्यांच्या पंधरांतले पाच नव्या पाण्यात गेले होते; ताईकडे तेव्हा दहा मजले जमले होते, आणखी चार लागले असते. एक आठवडासुद्धा नाही. मला वाटलं, ती हो म्हणेल. ती जोडीच्या काचेसमोर उभी राहिली, ओठ हलले, पण या वेळी तिनं आकडा सांगितला नाही. नुसतं मनगट चोळलं.

"नको. दहा मजले पुढच्या मिठाला राहू देत."

सोमवारी तिनं तिसरा मजला परत केला. ठेकेदारानं बजावलं, "मावशी, सोडलात तर पुन्हा मिळायचा नाही. दहा बायका रांगेत आहेत."

"द्या त्यांना," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून ती पुन्हा साडेसातला घरी येऊ लागली. मासा भोकात जायला तेव्हा एक तास बाकी असतो. बरेच दिवस पहिल्या पंधरा मिनिटांतच तिचा डोळा लागतो, आणि दाजी तिला उठवत नाहीत.

मी एकदा बसून हिशोब मांडला. आधीचे पंचावन्न, नंतरचे चोवीस. एकोणऐंशी मजले. एकशे पाच तास, दोन हजार चारशे एकोणपन्नास टोपल्या. एवढ्या कामाचे तिला एक पंप, थोडं खारं पाणी आणि बोटाएवढा एक पांढरा-लाल मासा मिळाला.